मागची बाजू नसलेला कॅमेरा

टण्ण!

सिंकच्या कडेला वाळत ठेवलेली सूप वाढायची पळी घसरून खालच्या पातेल्यात पडली आणि तासाभराच्या आर्जवांनी मिळवलेली घरातली शांतता खळ्ळकन फुटली. योलानाची पेन्सिल हवेतच थांबली. तिने श्वास रोखला. एक, दोन, तीन. आतल्या खोलीत सामसूम. चार, पाच…

"आई, कोण पडलं?"

झालं. दुपारची झोप आटोपली. आणि आजच्या दुपारी ही झोप म्हणजे योलानाचा जीव की प्राण होता.

"पळी पडली गं राणी. झोप तू."

"तिला लागलं का?"

"नाही लागलं."

"तू विचारलंस तिला?"

या प्रश्नापुढे कुणाचं काय चालणार! पाचव्या मजल्यावरच्या त्या चिमुकल्या स्वयंपाकघरात चार वर्षांची आपोलेना अनवाणी दाखल झाली, पळीची विचारपूस झाली, आणि मायलेकी टेबलाशी बसल्या. टेबलावर ब्रेडचे तुकडे, रंगीत खडू आणि त्यांच्यामध्ये आकड्यांनी भरलेले बारा कागद.

त्या बारा कागदांत एक आरसा होता. प्रागच्या तांत्रिक विद्यापीठात योलाना कॅमेरे बनवणाऱ्यांच्या प्रयोगशाळेत होती. मूल झाल्यावर रजेवर आली, आणि या घरी, मुलीच्या झोपांमधून मिनिटं चोरून चोरून, तिने हा आरसा जन्माला घातला. दिसायला घंटेसारखा, मुठीएवढा. तो वर टांगायचा, खाली कॅमेरा ठेवायचा तोंड वर करून. कॅमेरा बघणार फक्त आरशाकडे, आणि आरसा बघणार चहूकडे. पुढे, मागे, डावीकडे, उजवीकडे, सगळं एकाच क्षणी, एकाच चित्रात. मान वळवायची भानगडच नाही.

तसं म्हटलं तर चेंडूसारख्या गोल आरशातही सगळं दिसतं. पण ते कसं, तर लग्नघरातल्या भांडणासारखं. दहा माणसं, दहा कोपरे, दहा हकिकती. कुणी काय पाहिलं ते खरं, पण कुठून पाहिलं याचा मेळ लागत नाही. योलानाच्या आरशाची वक्ररेषा वेगळी होती, शाळेत अपास्त म्हणून शिकवतात ती. तिची खुबी अशी की कुठूनही किरण येवो, तो एकाच बिंदूकडे निघाल्यासारखा येतो. साक्षीदार एकच. मग त्याची साक्ष हवी तशी उलगडता येते.

आरसा उत्तम झाला होता. कातारी शौरेककाकांनी तो अ‍ॅल्युमिनियमच्या गोळ्यातून कातून, आपोलेनाच्या जुन्या सुती लंगोटांनी पुसून असा लखलखीत केला होता की बघणाऱ्याने आधी केस सारखे करावेत. ("यापेक्षा मऊ कापड साऱ्या देशात नाही, पोरी. अजून चार मुलं होऊ दे, दुर्बिणींचा कारखाना काढू.")

घोडं अडलं होतं ते दुसरीकडे. आज सकाळी रंगीत तालीम झाली. आरसा आणि कॅमेरा एका चारचाकी छोट्या गाडीवर बसवलेले, आणि गाडीने आपलं आपण बघत, खुर्च्या चुकवत, विद्यापीठाचा लांब बोळ पार करायचा. गाडी निघाली आणि पहिल्या खुर्चीला जाऊन भिडली. मग दुसरीला. मग तिसरीला. एकही खुर्ची तिने सोडली नाही. वर्षानुवर्षांनी भेटणाऱ्या मावश्यांना भेटावं तशी ती प्रत्येकीच्या गळ्यात पडत गेली.

आणि उद्या, गुरुवारी, ओस्त्रावाहून कोळशाच्या खाणीतल्या बचाव पथकाचा माणूस बघायला येणार होता. विभागप्रमुख हावेल्का सरांनी मिशी न हलवता सांगितलं होतं, "उद्या गाडी खुर्च्यांना न शिवता गेली, तर काम तुमचं. सप्टेंबरपासून या, या कामाच्या प्रमुख म्हणून. नाही गेली, तर शेजारच्या विभागाचा मोटरवर गरगर फिरणारा कॅमेरा घेऊ. तुम्ही याच, योलानाबाई. परीक्षेचे पेपर तपासायला माणूस लागतोच."

पेपर! चार वर्षं चोरलेल्या मिनिटांचं मोल ते हे?

"आई," पळी तोंडासमोर धरून आपोलेना म्हणाली, "ही मुलगी डावखुरी आहे."

"कुठली गं?"

"पळीच्या पाठीवरची. मी या हाताने खडू धरला ना, तिने त्या हाताने धरला."

योलाना तिच्याकडे बघत राहिली. मग कागदांकडे. मग पुन्हा पळीकडे.

आरसा डाव्याचं उजवं करतो, हे काय तिला ठाऊक नव्हतं? सातव्या कागदावर तिने ते सरळ करूनही घेतलं होतं. पण आरसा डाव्याचं उजवं करतो हे रादिमलाही ठाऊक होतं! गाडीचं डोकं चालवणारा संगणकाचा प्रोग्रॅम रादिमने लिहिला होता, आणि रादिम काही कालचं पोर नव्हे. त्यानेही ते सरळ करून घेतलं असणार. उलट्याचं सुलट झालं, आणि सुलट्याचं पुन्हा उलट.

योलानाने पोरीचे इतके मुके घेतले की पोरगी म्हणाली, "पुरे, ओली झाले." मग सातव्या कागदावरचं चिन्ह बदललं, आकडे नव्याने फ्लॉपीवर उतरवले.

रादिमला फोन करावा का? करायलाच हवा होता. फोनपर्यंत हातही गेला. पण चार वर्षं घरी बसलेल्या बाईचा पहिला फोन काय, तर माझं चुकलं म्हणून? उद्या सकाळी गपचूप फ्लॉपी घालू. कोंबडं झाकून ठेवलं की झालं.

*

गुरुवारी सकाळी साडेसहाला फोन खणखणला.

"योलाना, आलीत!" सासूबाईंचा आवाज तरुण मुलीसारखा थरथरत होता.

"कोण आलीत?"

"अगं, अळंबी! सोमवारी पाऊस, परवा ऊन, आणि आज जंगल नुसतं फुललंय म्हणे. मी स्टेशनवरूनच बोलतेय."

"आई, पण आज आपोलेनाला तुम्ही… बालवाडी बंद आहे, बाकी घरात कुणी नाही, माझं आज…"

"उद्या सांभाळीन ना! मूल उद्यापर्यंत थांबतं गं. अळंबी थांबत नाहीत."

गाडीची शिट्टी वाजली आणि फोन बंद झाला.

त्या देशात याला उत्तर नाही. आजारपण, लग्न, न्यायालयाचं बोलावणं, कशातूनही माणसाला ओढून काढता येईल. पण अळंबी उगवल्यावर टोपली घेऊन निघालेल्या बाईला अडवायची कुणाची टाप! योलानाने एका हातात आरसा घेतला, दुसऱ्या हातात आपोलेना, आणि मेट्रो गाठली.

बोळाच्या टोकाला टेबल मांडलं होतं. वर पाहुण्यांसाठी सजवलेले ब्रेडचे काप, बटाट्याचं सॅलड, हॅम, अंड्याची चकती, काकडीचा पंखा. हावेल्का सर पायात घरच्या सपाता घालून येरझाऱ्या घालत होते. मूल दिसताच थबकले.

"योलानाबाई! हे काय?"

"माझी मुलगी, सर."

"ते दिसतंय. आज? इथे?"

"सासूबाई अळंबी शोधायला गेल्या."

सरांचा चेहरा लोण्यासारखा पाघळला. "उगवलीत?"

"फुललंय म्हणे जंगल."

"कुठे?" असा घोगरा आवाज मागून आला. ओस्त्रावाचे पाहुणे पोहोचले होते. लिसेक नावाचा हा गृहस्थ दारात मावत नव्हता. हाताचे पंजे असे की त्यात आपोलेना उभीच्या उभी बसावी. "कुठल्या बाजूला, बाई? निदान स्टेशन सांगा."

"सख्ख्या मुलालासुद्धा सांगत नाहीत त्या."

"बरोबर आहे," लिसेक गंभीरपणे म्हणाले. "माझी आई तिची जागा न सांगताच गेली. तरी आम्ही तिला दोष देत नाही."

दहा मिनिटं अळंबी चालली. ती तळावीत की वाळवावीत, जिरं किती घालावं. शौरेककाकांनी कोपऱ्यातून चार शब्द टाकले. या धांदलीत योलानाने फ्लॉपी घालून घेतली. रादिम संगणकापाशी होता, तिशीचा, मोज्यांवर सँडल. त्याने तिच्याकडे बघून घाईघाईने नजर वळवली. योलानाला वाटलं, बिचारा, त्याचाही जीव टांगणीला लागलाय.

"तर," हावेल्का सर म्हणाले, "सगळ्यांनी खोल्यांच्या दारात उभं राहा. बोळात कुणी नको. गाडीला माणूससुद्धा खुर्चीसारखाच."

"मी मागे उभा राहतो," लिसेक म्हणाले. "कॅमेऱ्याच्या मागे कधीच धोका नसतो."

"याला मागे नसतं," योलाना म्हणाली.

"असं कसं? परमेश्वराने सगळ्यांना मागे दिलंय," असं म्हणून ते स्वतःच्या मागल्या बाजूवर थाप मारून गाडीच्या मागे, थोडे उजवीकडे उभे राहिले.

गाडी सुरू झाली. घर्रर्र.

आधी तिने पहिल्या खुर्चीचा पाय धरला. धडक, माघार, धडक. दुसरी खुर्ची. तिसरी. मग लिसेक पुढे वाकले, तशी ती अर्धवर्तुळ घेऊन त्यांच्याकडे वळली.

"ए!" लिसेक डावीकडे सरकले. गाडी डावीकडे. ते उजवीकडे. ती उजवीकडे. "अहो, ही माझ्या अंगावर येतेय!" तीस वर्षं जमिनीखाली काढलेला तो पहाड टुणकन उडी मारून खिडकीच्या कट्ट्यावर चढला.

"पुन्हा!" आपोलेना टाळ्या पिटत ओरडली.

हावेल्का सरांनी गाडी थांबवली. योलानाचे कान तापले. काल तर कळलं होतं! चिन्ह बदललं होतं! मग?

"एक मिनिट, सर," रादिम पुटपुटला आणि टकटक टकटक काहीतरी बडवू लागला. "एक मिनिट," शौरेककाका म्हणाले, गाडीपाशी बसले, उठले. "झालं. चालवा."

गाडी सुटली आणि थेट चौथ्या खुर्चीच्या गळ्यात पडली. मग सगळ्यांना वगळून पुन्हा खिडकीखाली जाऊन लिसेककडे तोंड करून घुरघुरत उभी राहिली.

"पुरे," हावेल्का सर म्हणाले. सपाता अगदी हळू वाजल्या. "फिरणारा कॅमेरा घेऊ. लिसेकसाहेब, मला माफ करा. चला, जरा खाऊन घ्या."

आणि नेमक्या त्याच वेळी योलानाला दिसलं, की शौरेककाकांच्या वरच्या खिशातून पेचकसाची लाल मूठ डोकावते आहे. मघाशी ती तिथे नव्हती.

"काका," ती म्हणाली. "तुम्ही काय केलंत?"

"मी? काही नाही. चाकांच्या दोन तारा अदलाबदल केल्या. कालपासून बघतोय, कार्टी उलटीच चालतेय. म्हटलं, पोरीला कशाला बोल लावायचा…"

"रादिम, आणि तू?"

रादिमने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "आत्ता ना? आत्ता सकाळचा बदल उलटा केला."

"सकाळी कसला बदल?"

"अगं, मी मूर्खाने डावं-उजवं एकदा जास्तच फिरवलं होतं. काल घरी जाताना ट्राममध्ये लक्षात आलं. म्हटलं, तू इतक्या वर्षांनी आलीस, तुझ्यासमोर कशाला कबूल करा… सकाळी येऊन गपचूप काढून टाकलं."

"मीही काढून टाकलं! काल दुपारी! गपचूप!"

तिघांनाही चूक सापडली होती, तिघांनीही ती गपचूप दुरुस्त केली होती, आणि दोघादोघांनी मिळून, सालस चोरांसारखं, ती जिथल्या तिथे आणून ठेवली होती. काल दोघांनी मिळून उलट केलं, आज सकाळी दोघांनी मिळून सुलट करता करता पुन्हा उलट केलं, आणि आता पुन्हा दोघांनी. तीन तिघाडा काम बिघाडा म्हणतात, ते काही उगीच नाही.

योलानाने ओठ दाबले. उपयोग झाला नाही. ती हसत सुटली. भिंतीला टेकून, डोळ्यांतून पाणी काढत, पोट धरून. रादिम हसला. शौरेककाकांचे खांदे गदगदायला लागले. आपोलेना कशाला हसायचं ते न कळताच सगळ्यांच्या वरताण हसली.

"योलानाबाई!" हावेल्का सर म्हणाले.

"सर, एकदा. फक्त एकदा. पण माझी अट आहे." तिने डोळे पुसले आणि आपोलेनाला पायजम्यात घालताना जो आवाज लावायची तो लावला. "हात वर! सगळ्यांनी! रादिम, तूसुद्धा. सर, तुम्हीही."

"मी काय केलंय?"

"तुम्हाला डावं-उजवं कळतं ना? मग तुमचाही भरवसा नाही."

कट्ट्यावरून लिसेकनेही हात वर केले.

"आता एकच जण एकच गोष्ट बदलणार. काका, तारा होत्या तशा लावा. आणि पेचकस माझ्याकडे द्या."

काकांनी तारा लावल्या, पेचकस दिला, आणि हात वर केले. योलानाने कळ दाबली आणि स्वतःचेही हात वर केले.

घर्रर्र. गाडी पहिल्या खुर्चीपाशी आली. थबकली. बोळात अकरा हात वर होते, पाच मोठ्यांचे आणि एक काकडीचा तुकडा धरलेला छोटा. गाडीने खुर्चीला हळूच बगल दिली. दुसरीला बगल. चौथीला तर अशा ऐटीत वळसा घातला, की जणू लग्नात मावश्यांपासून पळणारा नवरदेव. सातवी, आठवी, नववी. दुसऱ्या टोकाच्या भिंतीपाशी जाऊन शहाण्या बाळासारखी थांबली.

लिसेक कट्ट्यावरून धाडकन उतरले. वरच्या दिव्याची काच किणकिणली.

"घेतला," ते म्हणाले.

"तो फिरणारा एकदा बघून घ्या," सर न राहवून म्हणाले, "तोही चांगला…"

"साहेब, छतातून दगड निखळतो तेव्हा तो कॅमेऱ्याचं तोंड माझ्याकडे वळेपर्यंत वाट बघत नाही. तुमची ही गाडी मघाशी चुकत होती ना, तेव्हासुद्धा मी मागे उभा असलेला तिला दिसत होतो. डोकं उलटं होतं, पण डोळा? डोळा कुठेच चुकला नाही." मग योलानाकडे वळून, "बाई, ही खाली कधी न्यायची?"

सरांनी मिशी खाजवली. "सप्टेंबरपासून यांनाच विचारा," ते म्हणाले. "प्रमुख त्या आहेत."

योलानाला एकदम गरगरल्यासारखं झालं. लहानपणी जत्रेतल्या चक्रातून उतरल्यावर जमीन जशी गोड हलायची, तशी ती हलली. कुणीतरी तिच्या हातात ब्रेडचा काप दिला. तिने तो उलटा धरला आणि अंड्याची चकती बुटावर पडली.

"हे बघा, हे बघा!" रादिमने गाडीने वाटेत टिपलेलं चित्र पडद्यावर आणलं. आधी ते वर्तुळ होतं, भोपळ्याच्या रिंगणासारखं, मध्ये कॅमेऱ्याचंच छोटं काळं तोंड आणि भोवती वाकडीतिकडी माणसं. "हे असं कुणाला बघवत नाही. म्हणून कुठेतरी एक काप द्यायचा आणि उलगडून सरळ पट्टी करायची. काप गाडीच्या पाठीशी देतो आम्ही. तिकडे बहुधा कुणी नसतं."

छपाईयंत्रातून लांबच लांब कागद निघाला. शौरेककाकांनी एक टोक धरलं, लिसेकनी दुसरं. सगळे ओळीने हजर. दारातून डोकावणारे, हात वर केलेले हावेल्का सर. कट्ट्यावरचे लिसेक. रादिमचे मोजे. खुर्च्या, दिवे, टेबलावरचे काप. सगळं सरळ, सगळं जागच्या जागी. योलाना बोटाने आपल्या वक्ररेषेची करामत चाचपत होती, आणि बोट डाव्या टोकाशी येऊन थबकलं.

तिथे अर्धी आपोलेना होती. एक डोळा, एक वेणी, काकडीचा हात.

उरलेली अर्धी पार उजव्या टोकाला, दीड हात लांब, लिसेकच्या अंगठ्याशी.

म्हणजे सगळे पुढे बघत होते तेव्हा पोरगी गाडीच्या थेट मागे चालत होती! योलाना डोळ्यांत तेल घालून खुर्च्या मोजत होती, आणि तिला पत्तासुद्धा नव्हता. आरशाला मात्र होता.

तिने आपोलेनाला कडेवर घेतलं. पोरीने कागदाचं हे टोक पाहिलं, ते टोक पाहिलं. मग आईची हनुवटी दोन्ही हातांनी धरून आपल्याकडे वळवली.

"आई, मग मी सुरुवातीला आहे की शेवटी?"